वनपट्टा, रेशन आणि लेकराचं वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून आणि अलीकडे धारणी-चिखलदऱ्यातूनही आमच्याकडे सारखे प्रश्न येतात. काही फोनवर येतात, काही चिठ्ठीवर, तर काही पोरं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात. निम्मे प्रश्न जमिनीचे असतात आणि निम्मे लेकरांच्या खाण्यापिण्याचे. सरकारी कचेरीत या दोन्हींची टेबलं वेगळी आहेत, घरात मात्र दोन्ही एकाच चुलीपाशी येतात. म्हणून उत्तरं एकत्र ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वनपट्टा म्हणजे काय? तो मिळाला की जमीन आमच्या मालकीची झाली का?

वनजमिनीवर राहण्याचा आणि ती कसण्याचा तुमचा हक्क सरकारने मान्य केला, याचा कागद म्हणजे वनपट्टा. तो २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळतो. हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. पट्टा जास्तीत जास्त ४ हेक्टरचा, म्हणजे साधारण दहा एकरांचा मिळतो. तो वारसांकडे जातो, पण विकता येत नाही.

जमिनीची नोंद 'वन' अशीच राहते आणि कसण्याचा हक्क तुमचा होतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पट्टेदाराचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात लागतं, कब्जेदाराच्या रकान्यात लागत नाही. या एका रकान्यामुळे पुढे काय काय अडतं ते प्रश्न १५ मध्ये पाहा.

२. ही जमीन पणजोबांपासून आम्हीच कसतोय. मग ती जंगलखात्याची झाली कशी?

हा प्रश्न म्हातारी माणसं विचारतात आणि विचारताना त्यांचा आवाज चढतो. तो चढायलाच हवा.

इंग्रजांनी १८७८ चा आणि नंतर १९२७ चा वन कायदा करून डोंगरच्या डोंगर 'राखीव' केले. आत राहणाऱ्यांना विचारलं नाही. लाकूडतोडीला माणसं लागत होती म्हणून काहींना वर्षाच्या बोलीवर जमीन दिली, ते 'एकसाली प्लॉट'. कोकणात अशा जमिनींना 'दळी' म्हणतात. सपाटीची चांगली भातजमीन तोवर सावकार-जमीनदारांच्या घशात गेली होती. तिथल्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला 'कसेल त्याची जमीन' झाली. पण ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर होतं, त्यालाच तिचा लाभ झाला. ज्याचं नाव कधी लागलंच नाही, तो डोंगरावर सरकला. १९७५ मध्ये खासगी वनंही कायद्याने सरकारकडे गेली आणि त्यांत कसणाऱ्यांची शेतं होती तशीच गेली.

१९७८ मध्ये राज्य सरकारने जुनी 'अतिक्रमणं' नियमित करण्याचा निर्णय घेतला, पण असंख्य लोक त्यातूनही सुटले. मे २००२ मध्ये तर केंद्राकडून अतिक्रमणं हटवण्याचं पत्रक निघालं. हत्ती लावून झोपड्या पाडल्याच्या बातम्या देशभरातून आल्या त्या याच काळात. त्या रोषातून २००६ चा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. म्हणून कुणी तुम्हाला अतिक्रमणदार म्हटलं, किंवा विदर्भात म्हणतात तसं जबरानजोतवाले म्हटलं, तर ही प्रस्तावना त्याच्यासमोर ठेवा.

३. दावा कोण करू शकतं?

अनुसूचित जमातीतला, जंगलावर पोट असलेला आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती वनजमीन कसत असलेला माणूस. ही तारीख पाठ करून ठेवा. त्यानंतर फोडलेली जमीन या कायद्यात बसत नाही आणि कुणी 'बसवून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय. आदिवासी नसलेल्यांसाठी अट वेगळी आहे (प्रश्न १६).

४. आमच्याकडे एकही पावती नाही. पुरावा काय देऊ?

दोन पुरावे लागतात, आणि ते दोन्ही सरकारी कागदच हवेत असं नियमांत कुठेही नाही. जुन्या दंडाच्या पावत्या असतील तर उत्तमच. वनखात्याने तुमच्या आजोबांना 'बेकायदा नांगरट' म्हणून दंड केला असेल, तर तीच पावती आज तुमची सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. पण ती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, फक्त तो लेखी घ्या. बांध, विहीर, घराचं जोतं, जुनी आंब्या-मोहाची झाडं, स्मशान, देवस्थान असे जमिनीवरचे खाणाखुणांचे पुरावे चालतात. वंशावळ, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावतीही चालते.

बऱ्याच जणांना सांगितलं जातं की, उपग्रहाच्या नकाशात तुमचं शेत दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं आहे, त्यांच्या जागी नाही. डोंगरउतारावरचं वरईचं शेत चित्रात गवतासारखं दिसतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. साहेबाला लेखी सांगावं लागतं.

५. अर्ज कुणाकडे द्यायचा? तलाठ्याकडे की वनखात्याकडे?

दोघांकडेही नाही. दावा ग्रामसभेकडे द्यायचा. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती जागेवर येऊन मोजणी-पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग प्रकरण प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातं. वैयक्तिक दाव्याचा नमुना 'अ', सामूहिक हक्कांचा 'ब', सामूहिक वनसंपत्तीचा 'क'. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं नंतर ऐकावं लागतं. आम्ही हे फार वेळा पाहिलं आहे.

ग्रामसभा म्हणजे चार गावांच्या ग्रामपंचायतीची एकच सभा असं समजू नका. पेसा क्षेत्रात (पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेऊन पाड्याची ग्रामसभा भरवता येते. महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम ते सांगतात. पाड्याची सभा असली की कुणाचं शेत कुठल्या ओहोळापर्यंत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंचायतीच्या मोठ्या सभेत ते कुणालाच ठाऊक नसतं.

६. सहा एकर कसतो, पट्टा आला वीस गुंठ्यांचा. आता?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं पायी आली. पायाला फोड आले होते, तरी दहावीच्या पोरांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. त्यांच्या हातातल्या कागदांवर असंच काहीतरी लिहिलेलं होतं. तुम्ही एकटे नाही.

पट्टा हातात आला म्हणून प्रकरण संपलं असं समजू नका आणि कमी क्षेत्राचा पट्टा नाकारूही नका. तो घ्या, मग उरलेल्या क्षेत्रासाठी वरच्या समितीकडे अर्ज करा. ग्रामसभेच्या ठरावात किती क्षेत्र लिहिलं होतं ते आधी तपासा. खालून सहा एकर गेले आणि वर वीस गुंठे झाले, तर कापण्याचं कारण लेखी मागा. दावा नामंजूर करताना किंवा त्यात बदल करताना सविस्तर कारणं देणं समितीवर बंधनकारक आहे. मोजणी पुन्हा होताना घरातलं माणूस आणि शेजारचे दोन शेतकरी जागेवर हजर ठेवा.

७. दावा फेटाळला. वनरक्षक सांगतो, या पावसाळ्यात नांगर घालायचा नाही. खरं आहे का?

आधी विचारा, फेटाळल्याचं पत्र तुमच्या हातात दिलं का? तसं ते द्यावं लागतं, कारण कळल्यापासून ६० दिवसांत तुम्हाला वरच्या समितीकडे जाता यावं. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समिती, तिच्याविरुद्ध जिल्हास्तरीय समिती. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने आणखी एक पायरी वाढली आहे. जिल्हा समितीविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं.

आणि नांगराचं म्हणाल, तर कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्यांची पडताळणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कुणालाही कसत्या वनजमिनीवरून उठवता येत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता, तो त्याच न्यायालयाने २८ फेब्रुवारीला थांबवला. त्या पहिल्या आदेशाचीच प्रत दाखवून अजून धमकावलं जातं. दुसऱ्याची प्रत ग्रामसभेच्या दप्तरात असू द्या.

८. ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. जमिनीच्या मीटिंगला मला का बोलावता? कुपोषणाचा पट्ट्याशी काय संबंध?

तुमच्या रजिस्टरमुळे बोलावतो. ते उघडून वजनांचे आकडे महिन्यांप्रमाणे मांडून पाहा.

आषाढात कणगीचा तळ दिसायला लागतो. जुनं भात संपलेलं, नवं अजून पेरणीत. त्याच दिवसांत आवणीचं, म्हणजे भाताच्या रोपांच्या लावणीचं, सर्वांत कष्टाचं काम असतं. आई पहाटे चिखलात उतरते, संध्याकाळी येते. अंगावरचं मूल दिवसभर पाच वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पाणी गढूळ, जुलाब, हिवताप. श्रावण-भाद्रपदात वजनं घसरतात ती अशी. दसऱ्याला नाचणी-भात घरात येतं, थोडी वाढतात. मग दिवाळी होते आणि पाडाच रिकामा होतो. वीटभट्टीवाल्याने पावसाळ्यात, भुकेच्या दिवसांतच, बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन नवरा-बायकोची जोडी बांधून ठेवलेली असते. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर सहा महिने. पेठ-सुरगाण्याचे लोक द्राक्षबागांवर. तिथे मूल तुमच्या रजिस्टरमध्ये नसतं आणि दुसऱ्या कुणाच्याही नसतं. मे महिन्यात परत येतं तेव्हा तुम्ही तराजूत घालता आणि तुम्हालाच विचारलं जातं, बाई, वजन कसं घटलं?

आता मागे चालत या. मूल भट्टीवर का गेलं, तर बयाणा घेतला होता. बयाणा का घेतला, तर आषाढात खायला नव्हतं. का नव्हतं, तर शेत वीस गुंठ्यांचं, तेही उताराचं. आणि तेवढ्यावरही बांध घालायला, विहीर काढायला हात धजत नाही, कारण उद्या कुणी उठवेल ही भीती. ज्यांच्याकडे पट्टा आहे ते बांध घालतात, कारण घातलेला बांध आपलाच राहील याची खात्री असते. बांध घातला की माती थांबते, भाताचं खाचर होतं, कणगी दोन महिने जास्त पुरते. त्या दोन महिन्यांत बयाणा नाकारता येतो. सगळ्यांना जमतं असं नाही, पण जमलेली घरं मी पाहिली आहेत. त्या घरांतली आजी आणि नातू दोघंही जानेवारीत पाड्यावर असतात आणि नातू अंगणवाडीत येतो.

म्हणून तुम्ही या. तुमचा वजनाचा तक्ता आणि समितीचा दाव्यांचा तक्ता शेजारी ठेवला की कुठल्या घराचा दावा आधी मार्गी लावायचा ते ग्रामसभेला लगेच कळतं.

९. रेशन फुकट मिळतं, तरी मुलं कमी वजनाची का? लोक धान्य विकून खातात असं ऐकलं.

असा प्रश्न बहुधा शहरातून येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. अंत्योदय कार्डाला कुटुंब कितीही मोठं असलं तरी ३५ किलो. दिवसाचे हे १६५ ग्रॅम दिवसभर राबणारा माणूस एका जेवणात संपवतो. शिवाय हे फक्त तांदूळ-गहू. कायद्याच्या हमीत डाळ नाही, तेल नाही. वर्षाच्या लेकराचं पोट लहान असतं, नुसत्या भाताच्या पेजेने ते भरतं आणि अंग धरत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, तेल-डाळ घातलेलं, हाताने भरवलेलं लागतं, आणि भरवायला माणूस घरात लागतं.

त्यात कितीतरी कार्डांवर नव्या सुनेचं आणि तिच्या बाळाचं नाव चढलेलं नसतं. ज्या दोघांना अन्नाची सर्वांत जास्त गरज, त्यांचंच धान्य येत नाही. पाड्यावर एक दिवस बसून सगळी कार्डं तपासा, हे काम कुठल्याही योजनेशिवाय होतं.

राज्याची स्थिती विचाराल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड होती. रोड मुलांचा आकडा आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीतही २५.६ टक्केच होता. आणि ही सरासरी पुण्या-मुंबईसकट आहे.

१०. बाई म्हणाल्या, मूल 'सॅम'मध्ये आहे. म्हणजे काय? घाबरायचं का?

सॅम म्हणजे तीव्र कुपोषित. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलं, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर त्याला सॅम म्हणतात. घेर ११.५ ते १२.५ असेल तर 'मॅम', मध्यम कुपोषित.

घाबरून भगताकडे दिवस घालवू नका. मूल खातंय, हसतंय, ताप नाही, तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात त्याला जास्तीचा आहार आणि औषधं मिळतात. खात नसेल, ताप-जुलाब असेल, सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणि तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे आईला राहावं लागतं आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते, ती मागून घ्या. आई राहायला नाही म्हणते तेव्हा तिच्यावर चिडू नका. घरी दुसरी दोन लेकरं असतात आणि आवणी अर्धी झालेली असते. शेजारणींनी तिची आवणी पुरी करून दिल्यावर बाई मुलाला घेऊन गेली, असं आमच्या भागात घडलं आहे.

११. अमृत आहार म्हणजे तोच अंगणवाडीचा पाकिटाचा आहार का?

नाही. घरी न्यायचा शिधा वेगळा. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झाली. तिच्यात गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत बसून एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं: भाकरी-भात, डाळ, भाजी, अंडं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, अंडं खात नसतील तर केळं. जेवण अंगणवाडीतच द्यायचं ठरवलं त्याला कारण आहे. डबा घरी नेला की बाई तो आधी सगळ्यांना वाढते आणि मग उरलं तर खाते.

अंडी महिना-महिना येत नसतील तर सेविकेशी भांडू नका, पुष्कळदा तिने स्वतःच्या खिशातून उधारी करून ठेवलेली असते. ग्रामसभेचा ठराव करून प्रकल्प अधिकाऱ्याला पाठवा.

१२. आम्ही भट्टीवर जातो तेव्हा रेशन आणि अंगणवाडी बुडते. काही करता येतं?

रेशन कार्डाचं धान्य आता दुसऱ्या गावातल्या दुकानातही अंगठा लावून घेता येतं. जाताना आधार जोडलेलं आहे ना ते बघून जा. घरातला एकजण पाड्यावर राहणार असेल तर थोडं तिथे, थोडं इकडे असंही उचलता येतं. लेकराचं लसीचं कार्ड आणि वजनाचं कार्ड सोबत न्या आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत नाव घाला. तुम्ही त्या गावचे नाही म्हणून नाव घालायला कुणी नकार देऊ शकत नाही.

बयाणा फिटेपर्यंत सुटू देत नाहीत, मारतात, हिशेब दाखवत नाहीत, असं असेल तर ती वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. तहसीलदाराकडे आणि पोलिसांकडे दोन्हीकडे तक्रार द्या.

१३. सामूहिक वनहक्क घेऊन काय मिळतं? प्रत्येकाला आपापला पट्टा मिळाला की झालं ना?

झालं नाही. पट्टा घराला मिळतो, आणि पाड्यावरच्या भूमिहीनाला तर मिळतच नाही. सामूहिक वनहक्क सगळ्या गावाला मिळतो. आपल्या हद्दीतलं जंगल राखायचं, वाढवायचं, त्यातला मोह, तेंदूपान, बांबू, चारोळी, डिंक गोळा करून ग्रामसभेने विकायचा, हा हक्क त्यात आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव यासाठी आधी आठवतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. त्यांना २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. हा पेच एप्रिल २०११ मध्ये सुटला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आज त्या जिल्ह्यात हजारावर गावांकडे सामूहिक हक्क आहेत आणि कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभा एकत्र येऊन तेंदूचा लिलाव करतात. अमरावतीच्या पायविहीर गावाने उजाड टेकडी राखून सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत नेली.

पण पैशापलीकडे या हक्काचा संबंध ताटाशी आहे, आणि याची किंमत कुठल्या लिलावात लागत नाही. पहिल्या पावसाची शेवळं, मग कवळी, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब, अळंबी, ओहोळातले खेकडे-मासे, कंद. कणगी रिकामी असते तेव्हाच जंगल भरलेलं असतं. जिथे त्या जंगलाची जागा सागाच्या एकसुरी लागवडीने घेतली, तिथे पाड्यावरच्या भाजीची टोपली हलकी झाली. ग्रामसभेच्या आराखड्यात ही झाडं-वेली नावानिशी लिहा.

१४. पट्ट्याच्या जमिनीत काय लावावं? सगळे म्हणतात नगदी पीक घ्या.

मोगरा लावा, काजू लावा, विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याने घरं सावरलेली आम्ही पाहिली आहेत. पण सगळं शेत त्याला देऊ नका. मेळघाटात सोयाबीन आलं आणि कोदो-कुटकी, ज्वारी शेताबाहेर गेली. भाव पडला की पैसा नाही आणि घरात धान्यही नाही. निदान निम्मं शेत घरच्या ताटासाठी ठेवा: नाचणी, वरई, बांधावर तूर, उडीद, थोडी खुरासणी तेलासाठी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. आंबवलेल्या नाचणीची आंबील लेकराला आणि बाळंतिणीला दोघींनाही चालते.

१५. पट्ट्यावर कर्ज मिळतं का? भात विकताना सातबारा मागतात, तेव्हा काय करू? विकायचा झाला तर?

विकता येत नाही, खंडाने लिहून देता येत नाही, साठेखत करून घेणारा भेटला तर तो कागद कचऱ्याचा आहे. याला लोक अडचण म्हणतात, पण प्रश्न २ मधला इतिहास पाहिला तर हीच तुमची कुंपणभिंत आहे.

कर्जाचं: जमीन तारण न ठेवता दोन लाखांपर्यंतचं शेतीकर्ज देण्याची मुभा जानेवारी २०२५ पासून बँकांना आहे. पट्ट्याची प्रत, 'इतर हक्का'तली नोंद आणि पीकपेरा घेऊन जा. बँक नाही म्हणाली तर नकार लेखी मागा. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये वनपट्टाधारकालाही लागू आहेत. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालतानाही हेच कागद न्या आणि नोंदणी कापणीच्या आधी करा. माल दारात आणून परत न्यायची वेळ आली की व्यापारी पडत्या भावात उचलतोच.

१६. आम्ही आदिवासी नाही, पण तीन पिढ्या इथेच आहोत. आमचा दावा चालतो?

चालतो, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तुम्ही त्या भागात जंगलावर अवलंबून राहत होतात हे दाखवावं लागतं. ७५ वर्षं तीच जमीन कसत होतो असं सिद्ध करायचं नसतं. वास्तव्य ७५ वर्षांचं आणि जमिनीचा ताबा २००५ च्या आधीचा, एवढं पुरतं. इथेच सर्वांत जास्त दावे चुकीने पडतात. जुने जन्म-मृत्यू दाखले, शाळेचा दाखला, गॅझेटियरमधला उल्लेख आणि ग्रामसभेचा ठराव जोडा.

१७. आमचं लग्न लागलेलं नाही, पैसे नव्हते म्हणून एकत्र राहतो, दोन मुलं आहेत. पट्ट्यावर तिचं नाव लागेल का?

लावा. कायदा सांगतो की विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. नमुना 'अ'मध्ये जोडीदाराच्या नावाचा रकाना आहे, त्यात तिचं नाव लिहा. विवाहाचा दाखला त्या अर्जात मागितलेला नाही, आणि पाड्याने तुम्हाला जोडपं मानलंय हे ग्रामसभा ठरावात लिहू शकते. विधवा, सोडलेली, एकटी बाई स्वतःच्या नावाने दावा करू शकते.

याचा आग्रह आम्ही धरतो, कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीत बाईचा वाटा रूढीवर लटकतो. वनपट्टा बहुतेक घरांत असा पहिलाच जमिनीचा कागद आहे ज्यावर तिचं नाव सुरुवातीपासून असतं.

१८. आजोबांची सातबाऱ्याची जमीन बिगरआदिवासीने नावावर करून घेतली. तीही वनहक्कात मिळेल?

नाही, तो वेगळा रस्ता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींसाठी १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आहे. त्यानंतरच्या व्यवहारांना महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देताच येत नाही. पहिलं काम म्हणजे तलाठ्याकडून सगळे जुने फेरफार काढणं. तारीख कळल्याशिवाय कुठला कायदा ते ठरत नाही.

१९. आम्ही रायगडचे कातकरी. आमच्याकडे पेसा नाही म्हणतात. मग वनहक्क पण नाही का?

वनहक्क आहे. पेसा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे आणि रायगड त्यात नाही, पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. तुमच्या दळी जमिनी त्यात बसतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती आहेत, त्यांच्या दाव्यांकडे जिल्हा समितीने आधी लक्ष द्यायचं असतं. मात्र वाडी जर खासगी मालकाच्या जागेत असेल तर घराखालच्या जमिनीचा प्रश्न या कायद्याने सुटत नाही, त्यासाठी गावठाणाची मागणी वेगळी करावी लागते. प्रश्न ७ मधली विभागीय समितीही तुम्हाला नाही, ती फक्त अनुसूचित क्षेत्रातली आहे.

२०. गाव व्याघ्र प्रकल्पात आहे. पैसे घ्या आणि उठा म्हणतात. आधी हक्क मागावा की पैसे?

आधी हक्क. व्याघ्र प्रकल्पातही वनहक्क कायदा लागू आहे. हक्क मान्य झाल्यावर, माणूस आणि प्राणी एकत्र राहू शकत नाहीत असं ठरल्यावर, आणि ग्रामसभेने समजून-उमजून लेखी संमती दिल्यावरच पुनर्वसन होऊ शकतं. कुटुंबामागे १५ लाख रुपयांची मदत हा एक पर्याय आहे, जमीन-घर देऊन पुनर्वसन हा दुसरा. मेळघाटातले काही कोरकू ज्या गावांत गेले, तिथे जंगलातली भाजी, मोह आणि चराई तुटली आणि ती तूट रोख पैशात भरून निघाली नाही. ठराव करण्याआधी उठून गेलेल्या गावात दोन बायका आणि दोन पुरुष पाठवा, चार दिवस तिथे राहू द्या.

२१. पट्टा अजून आलेला नाही, दावा पडून आहे, आणि आमच्या शेतातून महामार्ग जातोय. मोबदला फक्त सातबारावाल्यांना देतायत.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाच्या व्याख्येतच वनहक्क मिळालेला माणूस येतो. म्हणजे पट्टेदाराला मोबदला नाकारता येत नाही. तुमचा दावा प्रलंबित आहे, तर वाट थोडी लांब आहे. कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पुरी झाल्याशिवाय तुम्हाला उठवता येत नाही (प्रश्न ७), म्हणून पहिला अर्ज उपविभागीय समितीला: संपादनाआधी आमच्या दाव्याचा निकाल द्या. त्याची प्रत भूसंपादन अधिकाऱ्याला द्या आणि हरकत म्हणून नोंदवून घ्यायला लावा. पंचनामा होईल त्या दिवशी घरातलं माणूस शेतात हवं, आणि झाडं, विहीर, बांध एकेक करून लिहून घ्यायला हवं. पंचनाम्यावर कोऱ्या जागेत सही करू नका. अंगठा लावणारे असाल तर आधी सगळं मोठ्याने वाचून घ्या, वाचणारं माणूस आपल्या पाड्याचं असू द्या.